भासऱ्याचा दुपट्टा

तुलसा लग्न होऊन या घरात आली त्या दिवसापासून भासऱ्याशी तिचं बोलणं खांबामार्फत चालायचं. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. सौंदडच्या बाजूला, निदान तुलसाच्या घरात तरी, धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्याशी थेट बोलायचं नसतं. तो खाकरला की पदर नाकापर्यंत ओढायचा आणि दाराआड व्हायचं. त्याच्या सावलीवर पाय द्यायचा नाही, त्याच्या खाटेवर बसायचं नाही, त्याच्या कपड्याला हात लावायचा नाही. चुकून धक्का लागलाच तर दोघांनी आंघोळ करायची. मग काही सांगायचं असलं तर? तर नवऱ्याला सांगायचं, आणि नवरा घरी नसला तर ओसरीच्या खांबाकडे तोंड करून बोलायचं. "बैल सुटला वाटते जी." खांब ऐकायचा आणि भासरा उठायचा.

एकदा अंगणात कपडे वाळत असताना अचानक पाऊस आला. तुलसानं धावत जाऊन सगळी दोरी रिकामी केली, फक्त भासऱ्याचा दुपट्टा तेवढा भिजत ठेवला. थोरली जाऊ सुमित्राबाई त्या दिवशी अख्ख्या मोहल्ल्यात सांगत फिरली, सून असावी तर अशी! डोळ्यांदेखत चांगलं कापड चिखलात गेलं, आणि त्याचं कौतुक. तुलसाला तेव्हाही चीड आली होती. पण सांगते कोणाला? खांबाला?

बरं, खांब परवडला. खांब निदान बदल करत नाही. तुलसाचा नवरा घनश्याम म्हणजे गोड बोलण्याचा कारखाना. बायकोनं तिखट दिलं तरी भावाच्या कानापर्यंत त्याचा शिरा करून पोचवणार. तुलसा म्हणायची, "सांगा त्याईले, माह्या वांग्याच्या वाफ्यातून बैल हाकलून नेला, डोळे फुटले होते का?" घनश्याम दोन पावलं जाऊन सांगायचा, "दादा, ती म्हणते, वांगी यंदा जराशी कमीच होतीन." आणि दादा, म्हणजे नत्थूलाल, मान डोलवायचा. इतक्या वर्षांत तुलसाचा एक शब्दही त्या माणसाच्या कानात जशाचा तसा पडला नव्हता.

त्यात ही मधपेटी आली.

बांधावरचा जुना मोह नत्थूलालनं कोणाला न विचारता विकून टाकला. झाड पडलं तेव्हा त्याच्या ढोलीतल्या सातेरी जातीच्या मधमाश्या उघड्या पडल्या. बचत गटाच्या ट्रेनिंगमध्ये तुलसाला एक रिकामी पेटी मिळाली होती. तिनं हातानं, एकेक पोळं केळीच्या सोपटानं चौकटीला बांधून, ते सगळं बिऱ्हाड पेटीत घेतलं आणि परसात पेरूखाली मांडलं. या घरात तिचं स्वतःचं असं काही असेल तर ती पेटी. शेत सासऱ्याच्या नावानं, बैल भासऱ्याचे, चूल जावेच्या शेजारी. पेटी मात्र तुलसाची. सकाळी उठून आधी ती पेटीकडे जायची, मग चुलीकडे.

आणि तेव्हापासून तक्रारी सुरू. माश्या काही पेटीपाशीच बसत नाहीत ना! तुलसानं त्यांच्यासाठी नव्या कोऱ्या मडक्यात स्वच्छ पाणी भरून ठेवलं, त्यात बसायला काड्या टाकल्या. त्या मेल्या मडक्याकडे ढुंकूनही बघेनात. बसायच्या कुठं, तर हातपंपाच्या नालीवर. गोठ्यात बैल मुततो त्या ओल्या जागेवर. सुमित्राबाईच्या ओल्या लुगड्यावर. उन्हाळ्यात तर पेटीबाहेर येऊन दाढीसारख्या लोंबत बसायच्या, की सुमित्राबाई ओरडलीच, "बाई वं, घर सोडून चालल्या ह्या!" नत्थूलाल ओसरीतून हुकूम सोडायचा, "घनश्याम, तुह्या घरचीले सांग, माश्या सांभाळता येत नसतीन तं पेटी फेकून दे."

तुलसाला सगळं ठाऊक होतं. माशीला खारट लागतं, वास मारणारं पाणी लागतं, कोऱ्या मडक्याचं तिला काय कौतुक? पेटीत उकाडा झाला की अर्ध्याजणी बाहेर येऊन आतल्या पिलांना वारा करून देतात. माशी बसली म्हणजे तिचं तिथं काही काम असतं, उगाच ती कुठं बसत नाही. हे तिनं घनश्यामला कितीदा सांगितलं. घनश्याम जाऊन सांगायचा, "ती म्हणते, पाहू काही तरी."

पाहू काही तरी! असं ती जन्मात बोलली नव्हती.

माघ सरत आला होता, आंब्याला मोहोर होता, शेतात लाखोरीची डाळ फुलली होती. माश्यांची नुसती धावपळ. तुलसाच्या भावाच्या घरी कुडव्याला बारसं होतं, म्हणून ती एक रात्र माहेरी राहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं सौंदडला उतरून घरी आली. फाटकातच तिचे पाय थांबले. अंगणात अर्धा मोहल्ला जमलेला. छपरीखाली नत्थूलालची पांढरी स्कूटर उभी, आणि तिच्या सीटखाली माश्यांचा हा एवढा काळा गोळा लटकलेला. एकीच्या पायात दुसरीचे पाय अडकवून, गुपचूप.

नत्थूलाल खाटेवर बसला होता. उजवा हात सुजून भाकरीएवढा झालेला, एक डोळा बंद. आणि खांदा उघडा. हा माणूस दुपट्ट्याशिवाय नालीपर्यंतही जात नसे, हे तुलसाच्या ध्यानात आलं, पण तेवढ्यापुरतंच.

"आली का?" सुमित्राबाई पुढं झाली. "पाह्य आपल्या माश्याइचे धंदे! काल दुपारी याईले तोडून खाल्लं आणि संध्याकाळपासून स्कूटर धरून बसल्या. याईले दवाखान्यात न्यायचं तं न्यावं कशावर?"

कोणी म्हणालं पेट्रोलच्या वासानं आल्या. कोणी म्हणालं पांढरा रंग त्यांना आवडतो. शेजारचा शालीकराम म्हातारा हळूच म्हणाला, हे करणीचं लक्षण आहे, घरातल्याच कोणाचं तरी. आणि त्यानं तुलसाकडे पाहिलं. वा रे वा! म्हणजे आता तुलसा चेटकीणही झाली.

पण तुलसाचं लक्ष परसाकडे गेलं. पेरूखाली, पेटीला टेकवून, तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा ढीग रचलेला होता. वर दोन जुने टायर.

"हे काय होय जी?" तिनं घनश्यामला विचारलं.

घनश्याम जमिनीकडे पाहू लागला. "दादा म्हणते, जाळून टाकू. तुही वाट पाहून राहिलो होतो. मी म्हटलं, तिले येऊ तं द्या."

"म्हणजे माह्या डोळ्यासमोर जाळा म्हटलं तुमी?"

"तसं नाई वं..."

ती पुढचं ऐकायला थांबली नाही. पेटीजवळ गेली. झाकण तिरपं बसलेलं. कडेनं मध ओघळून खाली मुंग्यांची रांग लागलेली. पेटीत उरलेल्या माश्या दारातून आत-बाहेर नुसत्या पळत होत्या, पेटीच्या अंगावर चढत होत्या, उतरत होत्या, काहीतरी हरवल्यासारखा त्यांचा आवाज येत होता. तिनं झाकण उचललं. मधली एक चौकट रिकामी. पोळं नुसतं कापलेलं नाही, ओरबाडलेलं. वरचा मध, खालची पिलं, सगळं एकत्र उपसून नेलेलं. अळ्या पेटीच्या तळाला सांडलेल्या. कसायानंसुद्धा इतकी घाण केली नसती.

तुलसानं झाकण परत लावलं. ती परत अंगणात आली, खांबाजवळ उभी राहिली. सवय मेली, रागातही सुटत नाही. पदर ओढलेलाच होता.

"सांगा त्याईले," ती घनश्यामला म्हणाली, "माही पेटी कोणी तरी फोडली. चोरानं पोळं ओरबाडून नेलं."

घनश्याम दोन पावलं गेला. "दादा, ती म्हणते, पेटीत जरासा बिघाड झालेला दिसते."

"बिघाड?" तुलसा कडाडली. "मी चोर म्हटलं. चोर!"

"म्हणजे... कोणी आलं-गेलं असंल, असं म्हणते."

नत्थूलालनं तोंड फिरवलं. "घनश्याम, तिले सांग, मले चोरगिर काही माहीत नाई. मी स्कूटरवर बसाले गेलो आन् माश्या आल्या अंगावर. सैतान पाळून ठेवले घरात. आता आयकून घेणार नाई मी. लाव काडी."

तुलसा स्कूटरकडे बघत राहिली. मध कुठं सांडला असता तर माशी येते, पोट भरते आणि पळते. परत येते, भांडते, पुन्हा पळते. ह्या तशा नव्हत्या. ह्या हलत नव्हत्या, चावत नव्हत्या, आणि सीटच्या फटीतून एकेक आत शिरत होती. माश्यांनी असं लटकून बसायला कारण एकच असतं. राणी. राणी जिथं, तिथं त्या. राणी पेटीत असली तर पेटीत, झाडावर असली तर झाडावर. आणि राणी काही आपण होऊन स्कूटरच्या डिक्कीत जाऊन बसत नाही. तिला कोणीतरी नेलेलं असतं.

सुजलेला हात. उघडा खांदा. ओरबाडलेलं पोळं.

तिला सगळं एकदम दिसलं, आणि आधी हसूच आलं. या माणसाला डॉक्टरनं साखर बंद केली होती. सुमित्राबाई गुळाचा डबा कुलपात ठेवायची, चहासुद्धा फिक्का द्यायची. तुलसा माहेरी गेली, सुमित्राबाई दुपारी झोपली, आणि हा मोठा माणूस, मोहल्ल्याचे भांडणतंटे सोडवणारा, विळा घेऊन तिच्या पेटीत घुसला. हसू आलं तसंच विरलं. कारण तणसाचा ढीग तिथंच होता. आपली चोरी झाकायला हा तिचं अख्खं बिऱ्हाड जाळायला निघाला होता.

"सांगा त्याईले," ती म्हणाली, "डिक्की उघडा. राणीमाशी डिक्कीत हाये. आन् ती तिथं कशी गेली ते त्याईलेच माहीत हाये."

घनश्यामनं तिच्याकडे पाहिलं. त्याला समजलं. पहिल्यांदाच बायकोचं म्हणणं त्याला पूर्ण समजलं, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं. तो वळला, घसा साफ केला आणि म्हणाला, "दादा, जमत असंल तं डिक्की एकदा पाहून घ्यावं, असं तिचं म्हणणं हाये."

जमत असेल तर! तुलसाला वाटलं, या माणसाला आधी टायरवर बसवावं.

"चाबी नाई सापडून राहिली," नत्थूलाल म्हणाला. आणि खाटेवरून उठून त्यानं स्वतःच डाव्या हातानं काडेपेटी उचलली. परसाकडे निघाला. लोक बाजूला झाले. घनश्यामही बाजूला झाला.

तुलसा बाजूला झाली नाही.

ती खांब सोडून अंगणाच्या मधोमध आली आणि भासऱ्याच्या वाटेत उभी राहिली. तिची सावली त्याच्या पायावर पडली. तिनं पदर मागं घेतला, पार अंबाड्यापर्यंत, आणि त्या माणसाच्या तोंडाकडे पहिल्यांदा सरळ पाहिलं. म्हातारा झाला होता तो. नाकावर देवीचा वण होता. इतकी वर्षं एका अंगणात राहून तिला ते माहीत नव्हतं.

"चाबी द्या," ती म्हणाली.

नत्थूलाल दोन पावलं मागं सरकला, जणू चटका बसला. त्यानं मान वळवून भावाला हाक मारली, "घनश्याम! हिले सांग..."

"त्याईले काय सांगता? मी समोर उभी आहो. मले कान आहेत. चाबी द्या."

"चाबी हरपली म्हटलं ना!"

"अवो, हरपली कोठी?" सुमित्राबाई भाबडेपणानं बोलली. "खिशात तं हाये तुमच्या. सकाळीच वाजून राहिली होती."

कोणीतरी फिसकन हसलं. नत्थूलालनं बायकोकडे असं पाहिलं की दुसरी असती तर आत पळाली असती. तुलसानं हात पुढं केला होता. तिच्या हातात चाबी कशी देणार? हात लागला तर? त्याही वेळी त्याला तेच सुचलं. त्यानं चाबी काढली आणि मातीत टाकली. तुलसा वाकली, चाबी उचलली, फुंकून साफ केली.

स्कूटरजवळ जाऊन तिनं बांगड्या वर सारल्या आणि हात सावकाश माश्यांच्या गोळ्यात घातला. राग जेवढा होता तेवढा तिनं मनगटाच्या अलीकडे ठेवला, हातात येऊ दिला नाही. माश्या हातावर चढल्या, बाजूला झाल्या. एकही चावली नाही. तिनं चाबी फिरवली आणि सीट वर केलं.

आत दुपट्ट्याचं बोचकं. मधानं थबथबलेलं, चिकटलेलं, माश्यांनी भरलेलं.

तुलसानं दोन्ही हातांनी तो दुपट्टा उचलला आणि सगळ्यांसमोर अंगणात आणला. कडेनं मध गळत होता. घडीतून ओरबाडलेल्या पोळ्याचा तुकडा बाहेर आला, त्यावर दातांचे ठसे. आता तरी बोला! आता तरी कोणी म्हणेल, अरे, हा तर नत्थूलालचा दुपट्टा, म्हणजे पेटी यानंच फोडली. ती वाट पाहत राहिली.

"बाई वं!" सुमित्राबाईनं तोंडावर हात ठेवला. "भासऱ्याच्या दुपट्ट्याले हात लावला हिनं!"

आणि बाकीच्या बायका चुकचुकल्या. शालीकराम म्हणाला, "काही राह्यलं नाई आता."

मग तुलसा जे बोलली, ते त्या अंगणात पूर्वी कधी कोणी बोललं नव्हतं.

"हात दिसला? माहा हात दिसला तुमाले? चोरी नाई दिसली? भासऱ्यानं दुपारी चोरावाणी माह्या पेटीत हात घातला, तवा त्याईले आंघोळ नाई लागत? माहीं लेकरं ओरबाडून आणली, अर्धी खाल्ली, अर्धी बोचक्यात बांधली, आन् वरून मलेच चेटकीण म्हणता! जाळाले निघाले! इतकी वर्षं मी खांबासंग बोलून राहिली. खांबासंग! काऊन? तं याईची इज्जत राहावी म्हणून. अन् माही? माह्या इज्जतीसाठी कोणी पदर ओढला? तुमी?" हे घनश्यामला होतं. "मी चोर म्हणते, तुमी बिघाड म्हणता. मी आग म्हणते, तुमी ऊन म्हणता. तुमच्या तोंडानं मी एक दिवस बोलली नाई. आता चूप राहा, सगळेच चूप राहा. मले माही राणी पाहू द्या."



ती परसात गेली. पायानं तणसाचा ढीग उधळला, टायर लाथेनं लोटले. पेटीच्या दारासमोर तिनं दुपट्टा पसरला आणि गुडघ्यावर बसून एकेक घडी उलगडू लागली. शेवटच्या घडीत राणी सापडली. इतरांहून लांब, काळपट, एक पंख मधात चिकटलेला. हलेना. तिनं जिभेनं बोट ओलं केलं, पंखाजवळचा मध पुसला, पुन्हा ओलं केलं, पुन्हा पुसला. राणीनं एक पाय हलवला. मग दुसरा. मग ती उठली आणि दुपट्ट्यावरून पेटीच्या दाराकडे चालू लागली.

तिच्यामागून सगळ्या निघाल्या. काही उडत, काही दुपट्ट्यावरून चालत, कडे-कडेनं, लग्नाची वरात मांडवात शिरावी तशा. आतला तो हरवल्यासारखा आवाज हळूहळू खाली आला. तुलसा तिथंच बसली आणि रडली. रागानंच रडली, दुसरं काही नव्हतं त्यात.

इकडे अंगणात सुमित्राबाईच्या डोक्यात उशिरा प्रकाश पडला होता. तिनं पोळ्याचा तुकडा उचलून त्यावरचे दात पाहिले होते. "मी तुमच्यापायी फिक्की चहा पिऊन राहिली," ती नवऱ्यावर बरसत होती, "आन् तुमी लपून शहद खाऊन राहिले! शुगर वाढून पडले असते म्हणजे?" लोक फाटकाकडे सरकले, पण गेलं कोणी नाही. असा तमाशा रोज थोडाच असतो!

नत्थूलाल खाटेवर उघड्या खांद्यानं बसला होता. दुपट्टा नाही म्हणजे बाहेर पडता येत नाही, दवाखान्यातही नाही. मग नेहमीच्या आवाजात म्हणाला, "घनश्याम, तिले म्हण, माहा दुपट्टा..."

घनश्याम उठलाच. सवय.

"बसा," परसातून तुलसा म्हणाली.

घनश्याम बसला.

"ज्याले पाह्यजे तो मांगंल. मी इथंच आहो."

नत्थूलालनं खांबाकडे पाहिलं, मग बायकोकडे. "मांगा ना," सुमित्राबाई फणकारली. "शहद खाले तोंड उघडलं तं."

तो उठला. परसाच्या कडेला आला. जमिनीकडे बघत म्हणाला, "तुलसा. दुपट्टा दे."

तिचं नाव त्याच्या तोंडून तिनं पहिल्यांदा ऐकलं. तिला बरं वगैरे काही वाटलं नाही. फार उशीर झाला होता त्याला.

"आन् पेटी?"

"राहू दे."

"कोठी?"

"हाये तिथंच राहू दे."

"आयकलं," तुलसा म्हणाली. तिनं दुपट्ट्याकडे पाहिलं. अजून पुष्कळ माश्या चालत होत्या. "ह्या आत गेल्याशिवाय दुपट्टा उचलता येत नाई. तवपर्यंत उभे राहा. आन् पुन्हा माह्या पेटीले हात लावाल तं याद राखा, मी फाटकात उभी राहून गावाले सांगीन."

घनश्यामला राहवलं नाही. तो धडपडत मध्ये आला, हात जोडल्यासारखे करून म्हणाला, "दादा, ती म्हणते का जराशी..."

"आयकलं मी," नत्थूलाल म्हणाला.